महापालिकेचं वीजबिल का वाढतंय? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक सादर झालं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उड्डाणपूल, रस्ते आणि मिळकतकराच्या बातम्या असतात. वीजबिल, धरणातल्या पाण्याचं बिल, बसचं इंधन या ओळी कुणी वाचत नाही. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. एवढ्या आकड्यात वीज कुठे लपते ते दिसतही नाही. पण हा खर्च टाळता येत नाही, पुढे ढकलता येत नाही आणि दरवर्षी थोडा थोडा वाढतच जातो. सोसायटीच्या बैठकांत आणि ओळखीच्यांकडून याबद्दल जे प्रश्न येतात, ते उत्तरांसकट इथे एकत्र केले आहेत.

महापालिका एवढी वीज वापरते तरी कुठे?

विचारलं की बहुतेकांना रस्त्यावरचे दिवे आठवतात, कारण ते दिसतात. सगळ्यात जास्त वीज मात्र पाण्याला लागते. खडकवासल्याहून आलेलं पाणी पर्वती, लष्कर, वडगाव, वारजे अशा जलकेंद्रांत शुद्ध करायचं, तिथून टाक्यांत चढवायचं, काही ठिकाणी एका टाकीतून दुसऱ्या उंच टाकीत पुन्हा उपसायचं. त्यानंतर सांडपाणी: आधी उपसा केंद्रं, मग शुद्धीकरण केंद्रं. मग पथदिवे. शेवटी दवाखाने, शाळा, नाट्यगृहं, क्षेत्रीय कार्यालयं, जलतरण तलाव, विद्युतदाहिन्या.

महापालिका भवनातले एसी बंद करा, असं दर उन्हाळ्यात कुणीतरी सुचवतंच. करावेत जरूर. बिलाला त्याने ओरखडाही उठणार नाही.

खडकवासला तर शहराच्या वर आहे. पाणी उतारानेच येईल, पंप कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि पूर्वी तसंच होतं. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून पाणी उताराने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांत आलं. त्याला कसलंच बिल नव्हतं. १८७९ मध्ये पूर्ण झालेलं खडकवासला धरण आणि त्याचा मुठा उजवा कालवा हाही उताराचाच कारभार. जुन्या पेठा धरणाच्या पातळीपेक्षा खाली आहेत.

बदललं ते शहर. धनकवडी, कात्रज, कोंढवा, बावधन, सूस, धायरी ही सगळी वस्ती टेकड्यांच्या अंगाखांद्यावर चढली. तिथे पाणी उपसूनच न्यावं लागतं. पूर्वेकडच्या नगर रस्ता भागासाठी तर वेगळं धरणच घ्यावं लागलं: खेड तालुक्यातलं भामा आसखेड. ही योजना जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हा चर्चा झाली ती श्रेय कुणाचं याची. जॅकवेलचे (धरणातून पाणी उपसण्याच्या विहिरीचे) पंप रोज किती युनिट ओढणार, याची झाल्याचं आठवत नाही.

बांधकाम परवानगी देताना रस्त्याची रुंदी पाहतात, अग्निशमनाचं पाहतात. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार पाण्याचा खर्च कुणी मोजत नाही. माझ्या मते वाढत्या बिलाचं मूळ तिथे आहे. दरवाढ नंतर येते.

एक टाकी भरायला किती वीज लागते?

याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे, आणि ते प्रत्येकाने एकदा करून बघावं. दहा लाख लिटर पाणी एक मीटर उचलायला सुमारे २.७ युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गाचा दर झाला, त्यात घासाघीस नाही. तेच पाणी ५० मीटर चढवायचं तर १३६ युनिट.

पण पंप आणि मोटर मिळून काही ऊर्जा वाया घालवतात. जोडीची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर १३६ चे सुमारे १९५ युनिट होतात. पंप जुना झाला, इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं फिरतं चाक) झिजला, व्हॉल्व्ह अर्धवट दाबून पाणी सोडण्याची सवय लागली आणि कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली, तर २७२ युनिट. पाणी तेवढंच, टाकीही तीच.

आता हे रोज १० कोटी लिटर उचलणाऱ्या केंद्राला लावा. चांगल्या आणि थकलेल्या पंपातला फरक दिवसाला ७,७०० युनिटच्या वर जातो, म्हणजे वर्षाला सुमारे २८ लाख युनिट. गणितापुरता युनिटला आठ रुपये दर धरला तर सव्वादोन कोटी रुपये. एवढ्या पैशांत पंपांची दुरुस्ती किती वेळा होईल, ते महापालिकेच्याच निविदा उघडून पाहा. तरीही पंप बदलायचा प्रस्ताव 'निधी उपलब्ध नाही' म्हणून मागे पडतो, कारण दुरुस्तीचे पैसे एका लेखाशीर्षातून येतात आणि वीजबिल दुसऱ्यातून जातं. वाचलेला पैसा ज्याने वाचवला त्याच्या खात्यात दिसत नाही.

गळतीचा वीजबिलाशी काय संबंध?

थेट संबंध. गळणारं पाणीसुद्धा आधी उचललेलं, शुद्ध केलेलं आणि टाकीत चढवलेलं असतं. शहरातली गळती ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचं समान पाणीपुरवठा योजना मांडताना महापालिकाच सांगत आली आहे. म्हणजे ६० लिटर घरात पोचवायला १०० लिटरची वीज जळते. फुटलेल्या वाहिनीचं पाणी रस्त्यावर वाहताना दिसलं की आपण 'पाणी वाया चाललंय' म्हणतो. त्यात वीज असते, तुरटी असते, क्लोरिन असतो, माणसांचे पगार असतात.

विजेचा दर कोण ठरवतं? महापालिका एवढी मोठी ग्राहक, भाव करून घेता येत नाही का?

नाही. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, महावितरणच्या याचिकेवर जाहीर हरकती-सूचना घेऊन. पाणीपुरवठा आणि सांडपाणी प्रकल्पांसाठी वेगळा वर्ग आहे, पथदिव्यांसाठी वेगळा, आणि कार्यालयं, दवाखाने 'सार्वजनिक सेवा' वर्गात येतात. दरवाढ जाहीर झाली की बातम्यांत घरगुती ग्राहकाचा तक्ता छापून येतो. पाणीपुरवठ्याच्या वर्गात काय वाढ झाली ते कुणी छापत नाही. तो भारही शेवटी आपल्यावरच येतो, फक्त मिळकतकराच्या वाटेने.

हरकत कुणालाही घेता येते. महापालिकांनीही ती अभ्यास करून घ्यायला हवी, कारण बिल त्यांचंही मोठं.

या बिलात नेमकं काय काय असतं?

घरच्या बिलावर आपण युनिट बघतो आणि पान उलटतो. उच्चदाब जोडणीच्या बिलात युनिट हा एकच भाग. त्याशिवाय मागणी आकार, वहन आकार (वीज आणून देण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधन महागलं की लागणारा), आणि कोणत्या वेळी वीज वापरली त्यानुसार अधिभार किंवा सवलत.

मागणी आकार समजून घेण्यासारखा आहे. किती भार लागेल याचा करार आधी करावा लागतो, त्याला सगळे 'कॉन्ट्रॅक्ट डिमांड'च म्हणतात. प्रत्यक्षात भार कमी वापरला तरी कराराच्या ठरावीक टक्क्यांइतका आकार भरावाच लागतो. मेसमध्ये महिन्याचे पैसे भरले की जेवायला गेलात काय नि नाही काय, तसं. आता नवी पाणी योजना आखतात ती पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरून. पंप मोठे, मंजूर भार मोठा, आणि सुरुवातीची काही वर्षं निम्मेच पंप चालतात. अशा वेळी करार टप्प्याटप्प्याने वाढवला नाही तर न वापरलेल्या क्षमतेचे पैसे महिन्याच्या महिन्याला जातात.

दुसरी गोष्ट केव्हीएएच बिलिंगची, म्हणजे फक्त कामी आलेल्या नाही तर ओढलेल्या एकूण विजेवर बिल लावण्याची. १ एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॉटच्या वरच्या लघुदाब ग्राहकांना या पद्धतीने बिल येतं. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी आली याचं प्रमाण) खराब असेल तर त्याचा फटका आता वेगळा दंड म्हणून दिसत नाही, युनिटच फुगून येतात. जलकेंद्राच्या कोपऱ्यात धूळ खात असलेलं, पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनल नीट चालू आहे की नाही, यावर बिलाचा चांगला मोठा हिस्सा अवलंबून असतो. पॅनलमधले दोन-चार कपॅसिटर गेले तर पंप थांबत नाही, पाणी येत राहतं, तक्रार कुणाची नसते. कळतं ते फक्त बिल वाचणाऱ्याला. आणि बिल वाचायला वेळ कुणाला?

सगळीकडे एलईडी लावले ना? मग दिव्यांचं बिल उतरलं का नाही?

एका दिव्याचं उतरलं. दिवे वाढले. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी वगळली गेली, तरी हद्द मोठीच राहिली. जिथे ग्रामपंचायतीचे मोजके खांब होते तिथे आता शहराच्या निकषाने दिवे हवेत, आणि तिथल्या लोकांचा तो हक्कच आहे.

त्यात आपली हौस. पुलांवरची रंगीत रोषणाई, चौकातले उंच हायमास्ट दिवे, दुभाजकातल्या खांबांवर वेटोळे घातलेल्या दिव्यांच्या माळा. आणि ऊर्जाबचतीच्या कंत्राटांत दिवे बसवणाऱ्याला वाचलेल्या पैशांतला वाटा द्यायचा असतो, म्हणजे बिल कमी झालं तरी ती रक्कम दुसऱ्या ओळीत खर्ची पडते. एलईडीने नेमकं काय वाचलं हे बघायचं तर दोन्ही ओळी शेजारी ठेवाव्या लागतात.

भर दुपारी रस्त्यावरचे दिवे चालू दिसतात. ते का?

बऱ्याचदा बिघाड शोधण्यासाठी लाइन चालू ठेवलेली असते, काही वेळा टायमर बिघडलेला असतो. खांबावरचा क्रमांक टिपून तक्रार करा. नुसतं 'आमच्या गल्लीतले दिवे' असं लिहिलं तर कुणी येत नाही.

गणपतीतली रोषणाई महापालिकेच्या बिलात येते का?

मंडळांची नाही. ती महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेतात. विसर्जन घाटांवरची सोय महापालिकेची.

नदीसुधारणेमुळे वीजखर्च वाढणार, हे खरं का?

खरं आहे, आणि त्यात दचकण्यासारखं काही नाही. जायका (जपानी अर्थसाहाय्य संस्था) प्रकल्पातली ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं मिळून ३९६ दशलक्ष लिटर दैनंदिन क्षमतेची आहेत. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात, त्या जिवाणूंना सतत हवा लागते, आणि हवा फुंकणारे ब्लोअर दिवसरात्र चालतात. केंद्राच्या विजेतला मोठा भाग तिथेच जातो.

गोम वेगळीच आहे. प्रकल्प उभारायला केंद्र सरकारचं अनुदान मिळालं. चालवायला मिळणार नाही. ब्लोअरचं बिल महापालिकेचं, आणि ते केंद्र चालू असेपर्यंत दर महिन्याला. भूमिपूजनाच्या फलकावर प्रकल्पाची किंमत ठळक असते, चालवायचा वार्षिक खर्च बारीक अक्षरातही नसतो. तो तिथेच लिहायची सक्ती करावी असं मला मनापासून वाटतं.

पैसे वाचवायला केंद्र काही तास बंद ठेवणं हा उपाय होऊच शकत नाही. जिवाणू मरतात, केंद्र पुन्हा बसायला दिवस लागतात, आणि तोवर मुठेत काय वाहतं ते भिडे पुलावर उभं राहिलं की कळतं. वीज वाचवायची तर पाण्यातला प्राणवायू मोजून ब्लोअरचा वेग कमीजास्त करणारी यंत्रणा नीट चालवा, गाळातून निघणारा वायू वापरा.

धरणातल्या पाण्यालाही पैसे पडतात?

पडतात. पाणी जलसंपदा विभागाचं, दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचे. मंजूर कोट्याच्या वर उचललं की दर चढा लागतो. लोकसंख्या किती धरायची, औद्योगिक वापर किती मानायचा, यावरून महापालिका आणि जलसंपदा यांच्यात वर्षानुवर्षं पत्रापत्री चालू आहे आणि थकबाकीचा आकडा दोन्हीकडे वेगवेगळा असतो.

मुंढव्याचा जॅकवेलही याच हिशेबातला. धरणातून जास्त पाणी घेण्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) प्रक्रिया केलेलं पाणी शेतीसाठी बेबी कालव्यात सोडायचं, असं ठरलं. ते कालव्यात सोडायला पुन्हा पंप, पुन्हा वीज. एकाच पाण्यावर किती वेळा बिल येतं ते मोजून बघा.

पीएमपीचा (शहर बससेवेचा) तोटा यात का धरायचा?

कारण त्यात इंधनही आहे. पीएमपीच्या संचलनातली तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. बसगाड्या बहुतांश सीएनजीवर, काही विजेवर. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, म्हणून दर थोडा खाली आला, पण तो तिथे टिकत नाही. वीजबिलात जे करता येतं ते इथे फारसं करता येत नाही. बस धावायलाच हवी.

अंदाजपत्रकाच्या पुस्तकात हा खर्च शोधायचा कुठे?

एका जागी सापडणार नाही. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, विद्युत, आरोग्य, भवन, प्रत्येकाच्या महसुली खर्चात वेगवेगळी ओळ असते. पेन घेऊन बसा आणि 'वीज' शब्द असलेल्या ओळी वेगळ्या काढा. मग प्रत्येक ओळीतले रकाने आडवे वाचा: मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित तरतूद, पुढच्या वर्षाची तरतूद.

पुढच्या वर्षाची तरतूद जर मागच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षाही कमी दिसली, तर कुणी काटकसर केली असं समजू नका. आकडा मुद्दाम खाली ठेवून भांडवली कामांना जागा केलेली असण्याची शक्यता जास्त.

मग वर्षाच्या शेवटी बिलाला पैसे कमी पडले तर?

वर्गीकरण. हा महापालिकेतला परवलीचा शब्द. ज्या कामाची तरतूद पडून आहे तिथले पैसे उचलायचे आणि बिल भरायचं. ज्या नगरसेवकाच्या प्रभागातली तरतूद उचलली जाते तो आरडाओरडा करतो, बाकीचे गप्प बसतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, त्यानंतरच्या काळात तेवढाही आवाज ऐकू येईना.

बिल उशिरा भरलं तर विलंब आकार लागतो, आणि वेळेआधी भरल्याची सवलत बुडते ती वेगळी. लेखापरीक्षणात हे आकडे पाहावेत. त्यात कुणाचं काही मत चालत नाही, नुसती तारीख पुरते.

गुरुवारी पाणी बंद ठेवतात ते वीज वाचवायला का?

नाही. निवेदनात लिहिलेलं असतं तेच कारण: 'विद्युत, पंपिंग आणि स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्ती'. आणि 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने', हे तर पुणेकरांना पाठच आहे. वीज वाचते म्हणावं तर, शुक्रवारी रिकाम्या टाक्या भरताना ती बरीचशी भरून निघते.

सगळ्या इमारतींवर सोलर बसवलं की प्रश्न मिटेल?

इमारतींचा बराचसा मिटेल. शाळा, कार्यालयं दिवसाच चालतात, त्यांच्या छतावर सोलर हवंच. पंपांचं तसं नाही. मोठ्या पंपाला लागणारी वीज जलकेंद्राच्या छपरावर मावत नाही, त्यासाठी बाहेर जमीन घेऊन प्रकल्प करावा लागेल किंवा ओपन अॅक्सेसने, म्हणजे महावितरणऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून, वीज घ्यावी लागेल.

यात एक संधी आहे. पूर्वी रात्रीच्या वापराला दरात सवलत असे. आता सौरवीज मुबलक असते त्या दुपारच्या तासांकडे ती सवलत सरकते आहे, आणि संध्याकाळ महाग होते आहे. वीज साठवणं महाग आहे, पाणी साठवणं नाही. समान पाणीपुरवठा योजनेत शहरभर ८२ साठवण टाक्या आखल्या, त्या दुपारी भरून घेता आल्या तर तेच पंप स्वस्त पडतील. त्यासाठी पंप कधी चालू करायचा याचं वेळापत्रक पाणी सोडणाऱ्याने आणि बिल भरणाऱ्याने एकत्र बसून करायला हवं.

मी पाणी कमी वापरलं तर माझी पाणीपट्टी कमी होईल?

आज तरी नाही. घरगुती पाणीपट्टी मिळकतीच्या वार्षिक करपात्र रकमेनुसार लागते, वापरानुसार नाही. मीटर बसवलेत, पण त्यावर बिल आकारायला कुणी धजावत नाही. त्यामुळे दिवसाआड हंडा भरणारा आणि गाड्या धुणारा, दोघंही उचलण्याचा खर्च आपापल्या घराच्या किमतीप्रमाणे भरतात.

एकट्या नागरिकाने काय करावं?

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. 'वीजखर्चाची माहिती द्या' असं मोघम विचारू नका, गठ्ठा मिळेल. एकच जलकेंद्र किंवा एकच उपसा केंद्र निवडा आणि बारा महिन्यांची चार माहिती मागा: बिलांच्या प्रती, कॉन्ट्रॅक्ट डिमांड आणि प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी, पॉवर फॅक्टर, आणि त्या महिन्यात उपसलेलं पाणी. युनिटला पाण्याने भागा. महिन्यागणिक हा आकडा चढत असेल तर पंप थकलाय किंवा व्हॉल्व्हचा घोळ आहे, आणि हे सांगायला अभियंता असावं लागत नाही.

महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, त्यातलं ऊर्जेचं प्रकरणही चाळा. आणि नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकासाठी क्षेत्रीय कार्यालयात सूचना द्याल, तेव्हा नवा हायमास्ट मागण्याआधी विचारा की आपल्या भागातल्या पंपिंग स्टेशनचा पंप शेवटचा कधी बदलला. उत्तर लेखी घ्या.